ओकासानचा ससा

वैजयंताला कुणी मत्सरी म्हटलं असतं, तर तिने त्या माणसाशी जन्माचं बोलणं टाकलं असतं. समोरच्या हंसाबेनने नवं किचन करून घेतलं तेव्हा हिने स्वतः जाऊन प्रत्येक ट्रॉली ओढून पाहिली आणि मनापासून वाहवा केली. जावेच्या मुलाला सरकारी नोकरी लागली तेव्हा पेणकरपाड्यातल्या आपल्या सोसायटीचे चारही मजले चढून हिनेच पेढे वाटले. दुसऱ्याचं बरं झालेलं तिच्या डोळ्यांत कधी खुपलं नाही. खुपली ती एकच बाई, सातासमुद्रापलीकडची, आणि तिचं तोंडसुद्धा वैजयंताने पाहिलेलं नव्हतं.

त्याचं असं झालं. वैजयंताची एकुलती एक लेक साक्षी वर्षापूर्वी जपानला गेली. तिथल्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची देखभाल करायची नोकरी. आधी वर्षभर भाषा शिकली, परीक्षा दिली, मग व्हिसा आला. बुद्धाला मानणाऱ्या देशात पोरगी चालली म्हणून विहारात तिचा सत्कार झाला, आणि पोस्टातून निवृत्त झालेले ज्ञानदेव, साक्षीचे वडील, चार वाक्यं बोलता बोलता गहिवरले. वैजयंता गहिवरली नाही. पोरीशी रोज बोलणं कसं व्हायचं, एवढीच तिला चिंता होती. "फोन आहे ना आई," साक्षी म्हणाली होती.

फोन होता. वैजयंता पहाटे साडेपाचला उठायची आणि चहा टाकायच्या आधी गुलाबाच्या फुलावर 'शुभ सकाळ, जय भीम' लिहिलेलं चित्र सगळ्या ग्रुपांवर टाकायची, तेच साक्षीलाही. दुपारी जेवणं आटोपली की साक्षीसाठी व्हॉइस नोट. चांगली सहा मिनिटांची. त्यात भाजीवाल्याशी झालेलं भांडण, ज्ञानदेवांचे गुडघे, लिफ्ट बंद पडल्याची कथा, मध्येच शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या. उत्तर यायचं दोन दिवसांनी. कधी अंगठा, कधी 'हो आई', कधी तेही नाही.

संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर हंसाबेनचा फोन मात्र सारखा वाजायचा. तिचा मुलगा दिपेश दुबईला. "तिथे व्हॉट्सॲपवर कॉल नाय लागत," हंसाबेन सांगायची, "म्हणून दिपेशने मला दुसरं ॲप घालून दिलंय. आठ वाजले की बोलणारच. मम्मीशी बोलल्याशिवाय त्याला झोप नाय येत." वैजयंता हसायची, आणि घरी येऊन ज्ञानदेवांच्या चहात साखर टाकायला विसरायची.

एका रविवारी साक्षी व्हिडिओ कॉलवर सापडली. वैजयंता लिफ्टची गोष्ट रंगवून सांगत होती. ती ऐन भरात आली असताना साक्षी म्हणाली, "एक मिनिट हां आई," आणि खाली बघून काहीतरी टाईप करायला लागली. टाईप करताना हसत होती.

"कोणाचा मेसेज?"

"ओकासानचा. घरमालकीण. मी वर राहते ना, त्या खालच्या मजल्यावर राहतात."

"खालीच राहते तर हाक मारायची. मेसेज कशाला?"

"इथे हाका नाही मारत गं कोणी. सगळं लाईनवर चालतं. लाईन म्हणजे इथलं व्हॉट्सॲप. वाचलं की समोरच्याला दिसतं. मग उत्तर नाही दिलं तर खूप वाईट वाटतं त्यांना."

वाचलेलं व्हॉट्सॲपवरही दिसतं. दोन निळ्या खुणा येतात. त्या खुणांकडे वैजयंता वर्षभर बघत होती. साक्षी सांगत सुटली: ओकासान रोज विचारतात, जेवलीस का, मफलर घेतलास का. मी ताटाचा फोटो टाकते. त्यांच्याकडे छोटी बुद्धमूर्ती आहे, सकाळी मी तिथेच वंदना घेते.

कॉल संपल्यावर ज्ञानदेवांनी चष्मा लावला आणि तो परका शब्द फोनमध्ये शोधला. उभी हयात लोकांची पत्रं योग्य पत्त्यावर पोचवण्यात गेलेली, त्यामुळे शब्दही त्यांना अर्धवट ठेवता येत नसे.

"ओकासान म्हणजे," ते म्हणाले, "आई."

वैजयंताच्या अंगाचा तिळपापड झाला. घरमालकिणीला मावशी म्हण, काकी म्हण, आजी म्हण. आई? नऊ महिने कुणी वाहिलं, तापात रात्र रात्र कुणी जागवली, भाषेच्या क्लासला भाईंदरपर्यंत सोबत कोण गेलं? आणि ताटाचे फोटो त्या बयेला! "तिकडे मोठ्या बायकांना तसंच म्हणत असतील," ज्ञानदेव म्हणाले. त्या दिवशी त्यांना वरणात मीठही मिळालं नाही.

दुसऱ्याच दिवशी बाकावर बसून वैजयंताने हंसाबेनकडून लाईन ॲप फोनमध्ये घालून घेतलं, आणि साक्षीला अगदी गोड आवाजात सांगितलं, "तुझ्या ओकासानशी माझी ओळख करून दे बाई. एवढं करतात तुझं." साक्षीला फार आनंद झाला. तिने तिघींचा ग्रुप केला. भाषांतराचं काम ज्ञानदेवांकडे आलं: जपानी मजकूर उचलायचा, फोनमध्ये उलटवायचा, मोठ्याने वाचायचा.

पहिल्या सकाळी वैजयंताने ग्रुपवर गुलाब टाकला. मिनिटभरात ओकासानचं उत्तर आलं: चित्रातला एक पांढरा ससा, कमरेत वाकून नमस्कार करणारा, खाली तीन ओळी. गुलाब फार सुंदर आहे, आभारी आहे, तिकडे हवा कशी आहे? वैजयंताने हवा कळवली. पुन्हा ससा. हिने दोन हात जोडले. ससा आणखी खाली वाकला.

"बघितलंत?" ती ज्ञानदेवांना म्हणाली. "शेवटचा शब्द तिचाच पाहिजे."

मग सोडते की काय! वैजयंताने कमळ टाकलं, पहाट टाकली, बाळाचा हसरा फोटो टाकला. प्रत्येकाला उत्तर आलं. आंघोळीला जाईपर्यंत सतरा मेसेज झाले आणि अठरावा ओकासानचा होता. ज्या ग्रुपवर दीडशे माणसं असतात आणि कुणीच कुणाला उत्तर देत नाही, तिथे वाढलेली बाई ही. मेसेज टाकायचा आणि विसरायचा, हीच तिला ठाऊक असलेली रीत. इतकं तत्पर उत्तर म्हणजे आव्हानच, दुसरं काय?

"छोडायचं नाय, वैजू," हंसाबेनने बाकावरून हवा दिली. आठवडाभर रोज पहाटे ही लढाई चालली. साक्षी दोघींच्या मध्ये एकदा लाल बदाम टाकायची आणि कामाला निघून जायची.

नवव्या दिवशी साक्षीचा फोन आला. साधा फोन, आणि तोही कामाच्या वेळेत.

"आई, ते गुलाब बंद कर. ओकासानचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी फोन बघू नका म्हणून सांगितलंय, आणि त्या एका डोळ्याने तुला उत्तरं देतायत. साक्षीच्या आईचं बोलणं तसंच कसं सोडायचं, म्हणतात. मी आत्ता कामावरून येऊन फोन काढून घेतला हातातून."

वैजयंता चमकली. खरं तर तिला वाईट वाटलं. पण 'हातातून फोन काढून घेतला' हे ऐकलं आणि वाईट वाटणं मागे पडलं. एवढी जवळीक! म्हाताऱ्या बाईच्या हातातला फोन काढून घ्यायला माणूस घरचंच असावं लागतं.

"तिचं मन दुखतं," ती म्हणाली, "आणि माझं? दोन दोन दिवस माझ्या मेसेजला उत्तर नसतं. मी काय रस्त्यावरची आहे?"

साक्षी हळू आवाजात म्हणाली, "आई, इथे दिवसभर सगळ्यांना उत्तरं द्यावी लागतात. कामावर, ऑफिसात, ओकासानला. वाकून, गोड बोलून. एक तूच अशी आहेस, जिला नाही दिलं तरी चालतं. काम संपलं की तुझी व्हॉइस नोट लावते आणि नुसती ऐकत पडते. ते भाजीवाल्याचं, लिफ्टचं. कधी कधी तीच पुन्हा ऐकते. उत्तर काय देऊ त्याला? घरात असते तर काय उत्तर दिलं असतं?"

इथे वैजयंताने गप्प बसायला हवं होतं. ज्ञानदेव हातानेच 'पुरे, पुरे' करत होते. पण जो माणूस वर्षभर जळलाय, त्याला फुंकर घातली तर तो आणखीच भडकतो.

"ते मला काही सांगू नकोस," ती म्हणाली. "मला उत्तर पाहिजे. ओकासानला देतेस ना लगेच, तसं. तेवढंच."

"तसंच पाहिजे?"

"तसंच."

"बरं," साक्षी म्हणाली.

आणि साक्षी शब्दाची पक्की. दुसऱ्या सकाळी गुलाब गेला तो व्हॉट्सॲपवर, एकट्या साक्षीला, आणि वैजयंता फोन खाली ठेवते न ठेवते तोच उत्तर हजर: पांढरा ससा, कमरेत वाकलेला. खाली लिहिलेलं, 'शुभ सकाळ आई. गुलाब छान आहे. काळजी घे.' वैजयंताने तो ससा हंसाबेनला दाखवला, दूधवाल्याला दाखवला. दिपेश आठ वाजता बोलतो ना, माझी साक्षी मिनिटात बोलते. पंधरा दिवस ती जमिनीवरून चालत नव्हती. ज्ञानदेवांच्या चहात साखर दुप्पट पडायला लागली.

सोळाव्या दिवशी तिने नेहमीसारखी व्हॉइस नोट पाठवली. सहा मिनिटं दहा सेकंद. चाळीस सेकंदांत उत्तर आलं. ससा. 'ऐकून बरं वाटलं आई. काळजी घे.'

ती त्या उत्तराकडे बघत राहिली. सहा मिनिटांची नोट चाळीस सेकंदांत कशी ऐकून होते? तिने मागची उत्तरं वर सरकवून पाहिली. सगळी मिनिटाच्या आतली. सगळीकडे 'काळजी घे'. परवाच्या नोटमध्ये तिने बाबांना चक्कर आल्याचं सांगितलं होतं. त्यालाही ससाच वाकला होता, आणि ऐकून बरं वाटलं होतं. आनंदाच्या भरात हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी तिघींच्या ग्रुपवर ओकासानचा मेसेज आला. डोळा बरा झाल्यानंतरचा पहिलाच. ज्ञानदेवांनी मजकूर उलटवला आणि सवयीने मोठ्याने वाचायला लागले.

"'साक्षीच्या आईसाहेबांना नमस्कार. डोळा आता चांगला आहे. तुम्हाला एक आनंदाची गोष्ट सांगायची आहे. साक्षी हल्ली माझ्या मेसेजना उत्तर देत नाही. वाचते आणि तशीच सोडते. मग घरी आली की सरळ माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसते, काही न बोलता. पहिल्यांदा मला वाईट वाटलं. मग कळलं, आता ती मला परकी समजत नाही. एवढी गुणी मुलगी दिल्याबद्दल…'"

ज्ञानदेव थांबले. पुढे आभार होते, ते त्यांनी वाचले नाहीत.

वैजयंताने त्यांच्या हातून फोन घेतला. तिला त्या बाईचा जितका हेवा आज वाटला, तितका ताटांच्या फोटोंच्या वेळीही वाटला नव्हता. जे हिचं होतं, ते हिनेच भांडून परत केलं होतं, आणि ते जाऊन पडलं होतं नेमकं तिच्या ओटीत.

तिने व्हॉट्सॲप उघडलं. व्हॉइस नोटचं बटण दाबून धरलं, आणि तसंच सोडलं. मग बोटाने एकेक अक्षर शोधत तिने लिहिलं, 'साक्षी, मला उत्तर देऊ नकोस गं.'

दोन निळ्या खुणा आल्या.

अर्ध्या मिनिटात ससा आला आणि कमरेत वाकला. खाली लिहिलं होतं, 'बरं आई. काळजी घे.'