चार दिवस खोटं बोललेली पाणसळ

मित्रांनो, मी एक जुनी, हातभर लांबीची लाकडी पाणसळ आहे. तुम्ही मला लेव्हल म्हणता, तेही चालेल. माझ्या पोटात काचेची नळी आहे, नळीत हिरवट द्रव आणि द्रवात एक बुडबुडा. मला सपाट जागी ठेवलं की तो दोन रेषांच्या मधोमध थांबतो, आणि जागा जरा कलती असली की उंच बाजूला पळतो. थांबतो असं आपलं म्हणायचं. शेजारून कुणी पाय आपटत गेलं तरी त्याला कंप सुटतो. स्वस्थ बसणं माझ्या जन्मात नाही.

मला एका सुताराने शिसवी लाकडातून घडवलं. कडांना पितळी पट्ट्या ठोकल्या. मग एका गवंड्याने मला विकत घेतलं. त्याच्या हाताखाली मी किती भिंती, किती पायऱ्या आणि ओटे पाहिले याची गणती नाही. "हिने हो म्हटलं की मी डोळे मिटून पुढची वीट ठेवतो," असं तो चारचौघांत सांगायचा. तो थकला तेव्हा त्याने मला आपल्या मुलीच्या हाती दिलं. ती मुलगी शाळेत कार्यशाळेची शिक्षिका झाली. मुलं तिला बाई म्हणतात.

शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना बाई एक मोठा प्रकल्प करायला लावतात. पुठ्ठ्याची घरं आणि रंगीत तक्ते त्यांना चालत नाहीत. "गावात हिंडा. ज्याचं काही अडलंय असा खराखुरा माणूस शोधा. त्याचं अडलेलं सोडवा. मार्क मी नंतर देईन, आधी तो माणूस देईल," असं त्या पहिल्याच दिवशी सांगतात.

त्या वर्षी एका गटाला घड्याळवाले काका सापडले. गटात दोघंच होते. सगळ्यांना कामाला लावणारी म्हणून एकीला कॅप्टन म्हणायचे आणि दुसऱ्याला शंकासुर. का ते तुम्हाला कळेलच. काकांचा एक पाय आजारात गेला होता, ते चाकांच्या खुर्चीत बसून फिरायचे. त्यांचं दुकान रस्त्यापासून फूटभर उंच. जावई त्यांना रोज उचलून आत ठेवायचा. एके दिवशी काका म्हणाले, "मी काय पोतं आहे? आता माझा मी जाईन, नाहीतर जाणारच नाही." तेव्हापासून पाच महिने दुकानाला कुलूप होतं. काका घरातल्या खिडकीशी बसून घड्याळं उघडायचे, पण गिऱ्हाईक घरापर्यंत कुठलं यायला!

मुलांनी बारा फूट लांबीचा लाकडी उतार आखला. उताराच्या वरच्या टोकाला, दारापुढे, फळ्यांचा ओटा. खुर्ची वर आणून काकांना दोन्ही हात चाकांवरून काढावे लागणार, तेव्हाच कुलूप उघडणार. म्हणून हा ओटा सपाट हवा. जरा जरी रस्त्याकडे कलला, तरी खुर्ची उलटी घरंगळेल. त्यासाठी बाईंनी मला कॅप्टनच्या हाती दिलं.

दुसऱ्याच दिवशी शाळेच्या जिन्यात तिच्या हातून मी निसटले. तीन पायऱ्या गडगडत गेले. काच फुटली नाही, पण नळी आपल्या खाचेत किंचित हलली. कॅप्टनने इकडे तिकडे पाहिलं, मला ओढणीने पुसलं आणि पिशवीत घातलं. चकार शब्द नाही.

मित्रांनो, त्यानंतरचे चार दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. मला सपाट जागी ठेवावं तर बुडबुडा बाजूला पळे आणि कलत्या जागी ठेवावं तर ऐटीत मधोमध बसे. मुलं माझ्याकडे बघत खांब कापत होती, फळ्या ठोकत होती. मी ओरडू शकत नव्हते. नुसती थरथरत होते आणि मुलं म्हणत होती, "थांब जरा, स्थिर होऊ दे."

ओटा पुरा झाला. काका दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते. कॅप्टनने मला फळीवर ठेवलं. "बघ, मधोमध! संपलं काम."

शंकासुराने कानावरची गोल पेन्सिल काढली आणि ओट्यावर आडवी ठेवली. पेन्सिल हळूच निघाली, घरंगळत उतारावर गेली आणि थेट रस्त्यावर पडली.

"वारा आहे," कॅप्टन म्हणाली.

"झाडाचं पान हलत नाहीये."

"तुला पेन्सिलीचं पटतं आणि लेव्हलचं नाही? शंका घ्यायचे पैसे मिळतात का रे तुला?"

"मिळाले असते तर बंगला बांधला असता. पुन्हा ठेवू?"

त्याने पुन्हा ठेवली. पुन्हा तेच.

बाई येऊन मागे उभ्या होत्या. "लेव्हल काय म्हणते?"

"सपाट आहे म्हणते."

"आणि पेन्सिल?"

शंकासुराने रस्त्यावर पडलेल्या पेन्सिलीकडे बोट दाखवलं.

"मग दोघींपैकी एक खोटं बोलतेय. शोधा कोण ते," असं म्हणून बाई समोरच्या पायरीवर जाऊन बसल्या. मला वाटलं, बाई, तुम्हीच उचला ना मला! पण त्या हलल्या नाहीत.

शंकासुर मला खाली-वर न्याहाळू लागला. कॅप्टनचा चेहरा उतरला होता. तिला अजूनही गप्प राहता आलं असतं. ती तशीच उठली आणि बाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"बाई, लेव्हल खोटी आहे. माझ्या हातून पडली होती. चार दिवस झाले."

"सांगितलं का नाहीस?"

"तुमच्या वडिलांची होती ना." एवढं बोलून ती रडू लागली.

बाईंनी मला हातात घेतलं, अंगठ्याने काच पुसली. मग म्हणाल्या, "पडली याचं वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू? पण वडिलांची आहे म्हणून तू काकांना रस्त्यावर पाडायला निघालीस, त्याचं जास्त वाटतंय. आता जा आणि त्यांना सांग, उद्या येऊ नका म्हणून. तूच सांग."

मला पिशवीत घालून कॅप्टन गेली. काका खिडकीशी नवा सदरा इस्त्री करत बसले होते. तिने सगळं सांगितलं. काकांनी इस्त्री उभी ठेवली.

"म्हणजे उद्या मी चावी हातात धरून उलटा रस्त्यावर गेलो असतो?"

"हो, काका."

"बरं झालं आज आलीस. उद्या हेच मी तुला सांगितलं असतं, आणि सगळ्या गल्लीला ऐकू गेलं असतं." मग सदऱ्याची घडी घालत म्हणाले, "दोन दिवस देतो. सदरा पुन्हा चुरगळला तर इस्त्री तू करायची."

मुलांना वाटलं, आता नवी पाणसळ आणावी लागणार. बाई म्हणाल्या, "हिनेच करा. एकदा ठेवा, मग टोकं उलटी करून तिथेच पुन्हा ठेवा. बुडबुडा आधी जितका डावीकडे गेला, तितकाच नंतर उजवीकडे गेला, की जागा सपाट. किती खोटं बोलते ते कळलं ना, मग तिच्याकडून खरं काढता येतं."

मुलांनी फळ्या उपटल्या. खांब पुन्हा कापले. दर हातभर अंतरावर मला दोनदा ठेवलं. इतकी माझी विचारपूस गवंड्यानेही कधी केली नव्हती.

तिसऱ्या दिवशी काका आले. जावई मागे हात पसरून चालत होता, त्याला त्यांनी दटावलं, "मागे हो, सावली पडतेय." चाकं फिरवत, धापा टाकत ते वर पोचले. मग त्यांनी दोन्ही हात चाकांवरून काढले. खुर्ची जागची हलली नाही. काकांनी चावी फिरवली, दार ढकललं आणि मागे न बघता आत गेले.

मित्रांनो, बाईंनी माझी हललेली नळी अजून नीट बसवून घेतलेली नाही. दर वर्षी त्या मला नव्या मुलांपुढे ठेवतात आणि विचारतात, "ही कुठे चुकते, सांगा." मुलं मला उलटीपालटी करतात आणि माझा बुडबुडा बिचारा सैरावैरा धावतो. वस्तू जपा, हे मी सांगेनच. पण हात आहेत, कधी निसटणारच. तेव्हा आम्हाला पुसून पिशवीत लपवू नका. आम्हाला तोंड नाही, तुम्हाला आहे. आमच्यावर भरवसा ठेवून कुणीतरी हात सोडणार असतं. त्याच्या आधी सांगा.