निर्माल्याचा खड्डा

आमच्या वाडीच्या देवीला रोज दोन हार चढतात. त्यातला खालचा शेजारच्या ठमाबाईचा, वरचा माझा. मरेपर्यंत तो माझाच राहणार, असं मी धरून चालले होते.

मग दिल्लीत एशियाड झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी देवळाच्या विहिरीला वास मारायला लागला. पिढ्यान् पिढ्या निर्माल्य तिच्यातच पडत होतं. देवळात गाव बसला आणि ठरलं, निर्माल्य यापुढे खड्ड्यात कुजवायचं आणि खत देवीच्या हारांच्या फुलझाडांना घालायचं. खड्डा आपल्या परसात घेऊन सांभाळायला ठमाबाई उठली. हिला मेलीला पुढं पुढं करायची हौसच.

पुढच्या वर्षी तिची अबोली अशी माजली की कुंपणाबाहेर आली. केरू गुरव तिचा हार वर घालायला लागला आणि माझा खाली, दिसेल न दिसेल असा. माझा नुसता जळफळाट झाला. माझी फुलं कुजवून हिची झाडं पोसायची, आणि मान हिला?

मी केरूला देवीला कौल लावायला सांगितलं. त्याने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "आई, खड्डा गोदूबाईकडं द्यायचा आसंल तर उजवा दे." उजवी कळी पडली.

"बरा झाला गो, माजी कंबर सुटली," ठमाबाई हसली. मला आणखीच राग आला.

खड्डा माझ्या परसात आला. कुजकी फुलं, नारळाच्या शेंड्या एकीकडे. उदबत्तीची पाकिटं, प्लास्टिकच्या पिशव्या दुसरीकडे. खत पडल्यावर माझी अबोलीही तिच्याइतकीच फुलली. तरी वरचा हार तिचाच.

"केरू, आता काय कमी हाय माज्या हारात?"

"वैनी, तुमचा दुपारीच मान टाकतो. तिचा सांजेपरेंत तसाच ऱ्हातो."

त्या दिवशी निर्माल्याच्या टोपलीतले दोन्ही हार शेजारी ठेवून पाहिले. माझा नायलॉनच्या दोऱ्यात गुंफलेला. मुलाने मुंबईहून पाठवलेला चकचकीत दोरा, त्याने देठ कापले होते. शिवाय तो कुजत नाही, म्हणून रोज ओढून काढावा लागे. तिचा हार केळीच्या सोपाच्या, म्हणजे खुंटाच्या सालीच्या, ओल्या धाग्यात बांधलेला. तो तसाच्या तसा खड्ड्यात गेला. म्हणजे खड्डा तिच्याकडे होता तोवर माझे दोरे तीच ओढत बसली असणार, आणि एका शब्दाने बोलली नाही.

सोपाचा धागा कसा काढतात, ते विचारायचं तर तिच्याच दारात जायला हवं. त्यापेक्षा मेलेलं बरं, म्हटलं. आणि गेले.

ती अंगणात सोपच सोलत बसली होती. पाट सरकवून म्हणाली, "ये गो, बस. येशील म्हनून तुज्यासाठी पन भिजत घातलाय."

इतकं चांगलं वागायची काय गरज होती मेलीला?