जळलेल्या उतारावरची साफसफाई

माझा दीर गोड बोलायला लागला की मी सावध होते. त्याची रोपवाटिका आहे. वणव्यात जळलेल्या उतारावर आपोआप काही उगवलं नाही, तर तिथे नांगर फिरवून एकाच जातीची झाडं लावायचं काम त्यालाच मिळणार होतं. उगवतंय का, हे पाहायचं काम माझं. त्यासाठी गावच्या वन समितीने मला उतारावर एक चौकोन आखून दिला होता.

आणि उगवत होतं! आधी राखेतून गवत आलं, मग काटेरी झुडपं, आणि त्यांच्या सावलीत जुन्या जंगलाची इवलीशी रोपं. मी हरखून गेले होते. घरी मात्र चकार शब्द काढला नाही. दिराच्या कानावर कशाला घाला?

मग झुडपं मुळासकट गायब व्हायला लागली. सावली गेली, रोपं उन्हाने करपली. गुरांनी नुसते शेंडे खाल्ले असते. हे हाताने उपटलेलं होतं.

"भाऊजी, हल्ली उताराकडे फार चकरा होतात तुमच्या," जेवताना मी टोमणा मारला.

"रस्ता तिकडूनच जातो, वहिनी," तो मान वर न करता म्हणाला. माझी खात्रीच पटली.

समिती येणार त्या सकाळी मी खडकाआड दबा धरून बसले. दिराची गाडी आली. तिच्यातून खुरपं घेऊन उतरले माझे सासरे. त्यांचा जन्म बागकामात गेलेला. चौकोनात बसून त्यांनी उरलंसुरलं गवत-झुडूपही उपटलं.

"बाबा!" मी किंचाळलेच.

ते दचकले, मग हसले. "तुझी रोपं तणात गुदमरत होती, पोरी. आज साहेब येणार, म्हटलं जागा कशी स्वच्छ दिसायला हवी."

मी दिराकडे वळले. "तुम्ही आणायचात ना यांना?"

"त्यांनीच सांगू नको म्हणून बजावलं होतं. आणि झुडपं राखायची असतात, हे तुम्ही तरी घरात कुणाला सांगितलंत?"

तेवढ्यात समितीचे साहेब आले.

"इथे तर काहीच नाही," ते म्हणाले.

"होतं, साहेब. कुणीतरी उपटलं."

"कुणी?"

बाबा जरा लांब उभे राहून हातांची माती झटकत होते. चेहरा कौतुकाने फुललेला. साहेबांनी क्षणभर वाट पाहिली, मग दिराला म्हणाले, "नांगराची तयारी करा."

ते गेल्यावर बाबा लगबगीने जवळ आले. "काय म्हणाले गं? खूश झाले ना?"

"हो, बाबा," मी म्हणाले.