कोपऱ्यातली सही

भिंगाखाली पुलाच्या जुन्या नकाशातला तो नऊचा आकडा... शेपटी जराशी डावीकडं वळलेली, आपल्याच हातची — या खांबाखाली नऊ फूट, त्या खांबाखाली नऊ फूट, आणि मधल्या खांबाखालीही नऊच. जयाबाईंनी भिंग सरकवून कोपऱ्यातली सही पाहिली. हणमंतराव साहेबांची. साठ वर्षांपूर्वी हीच सही पाहून नांदेडच्या भाड्याच्या खोलीत त्या जेवल्या नव्हत्या. इंजिनियरची पदवी आपली, डोळे फोडून नकाशा आपण काढायचा, आणि नाव साहेबांचं!

"मधला खांब खचला हाय, मॅडम," अर्शी म्हणाली. खात्यातली तरुण इंजिनियर. सलवारीच्या काठाला इस्लापूरकडची काळी माती तशीच. "पूल बंद केलाय. मातीखालचा कडक मुरूम नऊ फुटांवर न्हाईच, चौदावर लागला. साहेब तर वारले. नकाशा तुम्ही काढला म्हणतात, हाव का?"

काळी माती कधी अशी सारखी असते? जयाबाईंच्या मनात आलं. माती तपासायचे तीन खड्डे आणि तिन्हींत मुरूम नऊवर — कुणीतरी तंबूत बसून आकडे टाकलेत, हे मला तेव्हाच कळलं होतं. म्हटलंही होतं, साहेब, मी एकदा जाऊन पाहते. ते हसले. बाईमाणूस तिथं कुठं उतरणार, कुठं बसणार, तुमचं आपलं टेबलच बरं... ते मेलं हसणं अजून कानात आहे. मग मी पेनात शाई भरली आणि छान वळणदार नऊ काढला.

"सही तर साहेबांचीच दिसते," अर्शी म्हणाली, आणि जयाबाईंना हायसं वाटलं. चक्क हायसं! ज्या सहीनं आपलं नाव खाल्लं, तिच्याच आड लपायला आपण निघालो... त्यांना स्वतःची शरम वाटली.

"रेघा माझ्या आहेत," त्या म्हणाल्या.

"आणि आकडे?"

जयाबाईंनी भिंग नकाशावरून उचलून घेतलं. अर्शी नकाशा गुंडाळू लागली. "उद्या परत चालले मी तिकडं. खड्डा समोर उभं राहून खणून घेते."

"सोडतात तुला?"

"सोडायचं काय त्यात, मॅडम? जाते मी."

हणमंतरावांवरचा राग... इतकी वर्षं तो नवऱ्यापेक्षा जास्त सोबतीला होता. आता त्या तो मनात चाचपत राहिल्या आणि तो काही केल्या हाताला लागेना. ते हसले, हे खरं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायला मला कुणी अडवलं होतं? मी एकदाच विचारलं होतं.