तिसरी गल्ली

"कुठे सही करू?" मॅडमनी गाडीच्या खिडकीतूनच हात बाहेर काढला.

त्याने फाइल उघडून खिडकीला टेकवली आणि बोटाने जागा दाखवली. पाऊस झिमझिमत होता, म्हणून छत्रीची दांडी त्याने मानेत अडकवली होती. मॅडम फोनवर बोलतच होत्या. नदीवरचा पूल पहाटे गेला होता आणि त्यांना तिकडे पोचायचं होतं. त्यांनी सही केली आणि फोन कानापासून जरा लांब धरला.

"तुम्ही लिहिलंय म्हणजे वाचायची गरज नाही. कॅप्टनच्या हातात द्या. मी संध्याकाळी येते. आणि जरा घरी जाऊन या हो, सहा दिवस झाले."

"हो मॅडम," तो म्हणाला.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी तो तिथेच उभा होता. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्याने पहिल्यांदाच सहीसाठी चुकीचा कागद पुढे केला होता. नजरचुकीने नाही, जाणूनबुजून.

आपत्ती विभागात त्याला सगळे 'बिनचूक' म्हणत. हे नाव त्याच्या दादाने पाडलेलं. चौथीत असताना हा खेळायला गेला, तेव्हा घरात चिठ्ठी ठेवून गेला होता. वर तारीख, खाली 'विषय: खेळायला जाण्याबाबत'. दादाने ती चिठ्ठी आल्यागेल्याला वाचून दाखवली. पुढे दादा बसवर ड्रायव्हर झाला, हा कारकून झाला, आणि एकदा दादा कार्यालयात डबा द्यायला आला तो दारातूनच ओरडला, "आमचा बिनचूक आहे का?" झालं. तेव्हापासून साहेब बदलले, टेबलं बदलली, नाव काही बदललं नाही. त्यालाही ते मनातून आवडायचं.

सहा दिवसांपूर्वी, सकाळी साडेसहाला, गावामागची टेकडी उतारावरच्या वस्तीवर आली. तीन गल्ल्या गेल्या. दादाचं घर तिसऱ्या गल्लीत, शेवटचं. वहिनी दूध आणायला खाली उतरल्या होत्या म्हणून वाचल्या. दादा मागच्या खोलीत दाढी करत होता.

बातमी आली तेव्हा हा कार्यालयात पोचला होता. मॅडम म्हणाल्या, "लष्कराला पत्र काढा, ताबडतोब." लष्कर आपणहून येत नाही. प्रशासनाने लेखी बोलवावं लागतं, कुठे आणि कशासाठी ते सांगावं लागतं, आणि गरज संपली की तेही लेखीच कळवावं लागतं. त्या दोन कागदांच्या मध्ये जेवढा काळ असेल, तेवढा काळ जवान राबतात. पहिला कागद त्याने सात मिनिटांत तयार केला. तिसऱ्या गल्लीचं नाव लिहितानाही एक अक्षर चुकलं नाही. मग जावक क्रमांक टाकून तो मागच्या जिन्यात जाऊन बसला आणि तोंडात रुमाल कोंबून रडला.

पहिल्या दोन गल्ल्यांतली सगळी माणसं एव्हाना सापडली होती. जिवंत कुणीच नाही. तिसऱ्या गल्लीतली सात बाकी होती. काल संध्याकाळच्या बैठकीत भूगर्भवाले म्हणाले, तिसऱ्या गल्लीच्या वर टेकडीला भेग पडली आहे. परवा वीतभर होती, आज दोन वीत आहे. आता तिथे माणूस ठेवू नका. मॅडमनी सात नावांची यादी परत एकदा वाचली. मग म्हणाल्या, "सकाळी पत्र काढा. तिन्ही ठिकाणचं काम थांबवा." बैठकीचं इतिवृत्त त्यानेच लिहिलं. भेगेचं मापही त्याच्याच अक्षरात होतं.

आणि सकाळी पत्र टंकताना त्याने लिहिलं: 'पहिली गल्ली व दुसरी गल्ली येथील शोधकार्य पूर्ण झाले असून आपल्या मदतीची आवश्यकता उरलेली नाही.' तिसरी त्याने लिहिलीच नाही. दुरुस्तीचं पत्र काढायचं तर मॅडमची सही लागणार, मॅडम संध्याकाळी येणार. म्हणजे एक दिवस मिळत होता. दादा जिवंत असेल असं त्याला आता वाटत नव्हतं. पण वहिनींच्या स्वाधीन करायला काहीतरी हवं होतं.

* * *

जवानांचा मुक्काम असलेल्या शाळेच्या पडवीत कॅप्टनने ते पत्र दोनदा वाचलं. पस्तिशीचा माणूस, सहा दिवसांची दाढी वाढलेली, हातांना चिखल वाळून चिकटलेला.

"यात तिसरी गल्ली नाही," तो म्हणाला.

बिनचूक छत्री मिटत राहिला.

"मला वाटलं होतं, तिन्ही थांबवायच्यात. काल बैठकीत तसंच ठरत होतं."

"सही मॅडमची आहे, साहेब."

"सही दिसतेय मला." कॅप्टनने मान वर केली. "कोण आहे तुमचं तिसऱ्या गल्लीत?"

"भाऊ. थोरला."

"सहा दिवस रोज दोनदा भेटताय, बोलला नाहीत ते?"

"सगळ्यांचंच कुणी ना कुणी आहे, साहेब. मी यादी ठेवणारा माणूस. मीच सांगत बसलो तर कसं चालेल?"

कॅप्टनने पत्राची घडी घातली, उलगडली, परत घातली. "मला लेखी आलंय त्याप्रमाणे मी चालणार," तो सावकाश म्हणाला. "पहिल्या दोन गल्ल्यांतले जवान काढून घेतो. तिसरीत काम चालू. वर भेगेपाशी एक जण बसवतो शिट्टी घेऊन. वाजली की सगळे बाहेर. बरोबर?"

"बरोबर," बिनचूक म्हणाला. त्याला कॅप्टनचे पाय धरावेसे वाटले.

तिसऱ्या गल्लीत वहिनी रोजच्या जागी, तुटक्या पायरीवर बसल्या होत्या. मांडीवर रोजचंच गाठोडं. त्यात दादाचा एक शर्ट, एक पँट आणि टॉवेल, सगळं कोरडं, बिनचूकच्या घरी पूर्वी कधीतरी राहिलेलं, तिथूनच इस्त्री करून आणलेलं. ते कशाला, असं पहिल्या दिवशी कुणीतरी विचारलं होतं. "ह्यांना ओल्या कपड्यात बसायला लावलेलं चालत नाही," वहिनी म्हणाल्या होत्या. नंतर कुणी विचारलं नाही.

"भाऊजी, आज माणसं जास्त दिसतायत," त्या म्हणाल्या.

"तिकडचं संपलं. आता सगळे इकडेच."

"बघा. मी म्हणतच होते."

तुकडीचा हवालदार त्यांच्यासमोर उकिडवा बसला होता. पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला, गमत्या माणूस. पण खड्ड्यात उतरला की इतरांच्या दुप्पट काम उपसायचा. त्याने काटकी वहिनींच्या हातात दिली. "ताई, घर काढून दाखवा मला परत एकदा. दार कुठं, ओटा कुठं."

वहिनींनी चिखलात चौकोन काढले. "हे पुढचं दार. हा ओटा. मागच्या खोलीत या भिंतीला फळी. फळीवर आरसा. तिथं उभं राहून दाढी करतात हे. आणि एवढा वेळ लावतात, की मी म्हणते, लग्नाला जायचंय का कुणाच्या?"

"आमच्याकडं पण तेच आहे. फक्त टोमणे मारायला बायको नाही, धाकटा भाऊ आहे," हवालदार म्हणाला. वहिनी हसल्या. सहा दिवसांत पहिल्यांदा.

काम चांगलं चाललं होतं. बिनचूक दोनदा कार्यालयात जाऊन आला, पण टेबलाशी जीव लागेना. तिसऱ्यांदा तो आला तो छत्री टेबलालाच अडकवून. साधारण दोन वाजता खड्ड्यातून हाक आली. फळी लागली होती. आरसा फुटला होता, पण खिळ्याला होता. हवालदार वर आला, त्याच्या हातात दाढीचा मग होता. चिखलाने भरलेला, आत ब्रश तसाच. तो त्याने आपल्या शर्टाला पुसला आणि वहिनींना दिला.

"अजून दोन हात, ताई. फार तर अडीच. भिंतीपाशीच असणार."

वहिनींनी तो मग गाठोड्यात ठेवला आणि गाठ पक्की मारली. बिनचूकला वाटलं, आपण केलं ते बरोबर केलं. हे त्याने पुढे कधीच कुणाला सांगितलं नाही, पण पंधरा-वीस मिनिटं त्याला तसं अगदी मनापासून वाटलं. कितीतरी दिवसांनी त्याने पोटभर श्वास घेतला.

मग शिट्टी वाजली.

सगळे पळाले. कुणीतरी वहिनींना उचलून खाली नेलं. बिनचूकला कॅप्टनने दंडाला धरून ओढलं. खड्ड्यात तिघं होते. हवालदाराने दोघांना पायाखालून रेटून वर ढकललं. स्वतः फळीला धरून चढत होता तेवढ्यात चिखल आला. फार मोठा नाही, सहा दिवसांपूर्वीच्या मानाने तर काहीच नाही. पण खड्डा काठोकाठ भरला.

जवानांनी हातांनी उकरलं. त्या वेळी कुणी भेगेकडे पाहिलं नाही आणि कुणी कुणाला थांबवलंही नाही. चाळीस मिनिटांनी हवालदार निघाला. श्वास चालू होता. रुग्णवाहिका गेली. जिथे फळी लागली होती ती जागा कुठली, हेही आता सांगता येत नव्हतं.

* * *

पाच वाजता मॅडम आल्या. दुरुस्तीचं पत्र त्याने तयार ठेवलं होतं: 'तिसऱ्या गल्लीसह'. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचलं. मग जावक क्रमांक वाचला, तारीख वाचली आणि सही केली. त्याच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. तो ते पत्र घेऊन शाळेत गेला.

कॅप्टन पडवीत एकटाच होता. जवान ट्रकमध्ये सामान चढवत होते. त्याने पत्र घेतलं.

"वाटेतच गेला," तो म्हणाला.

बिनचूक पडवीच्या खांबाला टेकला.

"त्याच्या घरी मीच फोन केला. भावाने उचलला. मी काही सांगायच्या आतच म्हणाला, दादा कामात असेल तर नंतर करतो." कॅप्टनने खिशातून सकाळचं पत्र काढलं. घड्या घालून घालून ते मऊ झालं होतं. "हे घ्या. फाडून टाका. आजचं दुसरं पत्र आलंय, हे कुणी मागणार नाही. आणि एकट्यानं मनाला लावून घेऊ नका. मी वाचलं होतं. मला कळलं होतं."

"जावक नंबर पडलाय, साहेब."

"म्हणजे?"

"वहीत नोंद आहे. तो नंबर रिकामा ठेवता येत नाही."

"अहो, तुमची नोकरी जाईल!"

"हो," बिनचूक म्हणाला.

तो कार्यालयात आला. जावक वही काढली. सकाळच्या नोंदीसमोर शेराच्या रकान्यात त्याने नेहमीच्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'तिसऱ्या गल्लीचा उल्लेख हेतुपुरस्सर वगळला. जबाबदारी माझी एकट्याची.' खाली सही केली, तारीख घातली. मऊ झालेला कागद फाइलला लावला आणि फाइल मॅडमच्या टेबलावर, अगदी मधोमध ठेवली. त्याला बरं वाटलं नाही. काहीच वाटलं नाही.

वहिनी शाळेच्या पायरीवर होत्या. ट्रक एकेक करून सुरू होत होते. हवालदाराचं त्यांना कुणी सांगितलं होतं की नाही, कळत नव्हतं.

"उद्या किती वाजता सुरू करणार, भाऊजी?"

"उद्या नाही, वहिनी."

"मग परवा?"

तो त्यांच्या शेजारी बसला. "आता नाही," तो म्हणाला. "मी कागद दिला त्यांना. थांबवायचा. मीच लिहिला."

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही लिहिलाय," त्या म्हणाल्या, "म्हणजे बरोबरच असणार." मग त्यांनी त्याच्या बाहीला हात लावला. "ठिबकताय नुसते. छत्री कुठं गेली?"

गाठोड्याची गाठ त्यांनी सावकाश सोडली. दाढीचा मग बाजूला ठेवला, टॉवेल त्याच्या डोक्यावर टाकला, आणि दादाचा शर्ट झटकून त्याच्यापुढे धरला.

"घाला. नुसता भिजवून परत नेण्यात काय अर्थ आहे?"

त्याने ओला शर्ट काढून तो घातला. खांद्यात थोडा सैल होता. बोटं गारठली होती, बटणं लावताना खाली बघवत नव्हतं. शेवटचा ट्रक वळणावरून गेला.

"एक काज चुकलंय," वहिनी म्हणाल्या, आणि पुढे सरकून वरपासून सगळी बटणं काढून पुन्हा लावू लागल्या.