शाई तेवढी बायकांच्या बोटाला

जुबैलच्या कामगार कॅम्पात पाळी सुटली की आधी कांदा तळल्याचा वास यायचा आणि मग माणसं दिसायची. शेवटच्या रांगेतल्या एका खोलीत रत्नागिरीकडच्या एकाच खाडीकाठच्या गावातली पाच-सहा माणसं राहत होती. शिजायचं एका हंडीत आणि हात पडायचे एका थाळ्यात. त्या दिवशी स्वयंपाक उमैरकडे होता. उमैर पाइपांच्या कामावरचा फिटर, तिशीतला, मोजकं बोलणारा. बायको जुबेदा आणि लहानगी अरवा गावाला. शेजारी बसून त्याचा बालमित्र उसामा सुरमईला मीठ-मसाला चोळत होता.

"तिखट बेतानं टाक. चाचाला खोकला हाय," उसामा म्हणाला.

चाचा म्हणजे हुसेनमियाँ, कंपनीचा स्टोअरकीपर. गावातून सौदीत पहिला पाय त्याने टाकला आणि मग एकेकाला ओढून आणलं. कफीलचा, म्हणजे व्हिसा देणाऱ्या अरबी मालकाचा, त्याच्यावर भरवसा होता, त्यामुळे खोलीतल्या प्रत्येकाचा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, हुसेनमियाँच्या मर्जीवर टिकून आहे असं सगळे समजत होते, आणि त्याने तो समज कधी खोडून काढला नाही. गावच्या मशिदीचा रंग, मदरशाचे पत्रे, विहिरीचा पंप, सगळं जुबैलच्या कमाईतून झालेलं. म्हणून गावात लग्न कुणाचं कुठे व्हायचं, भांडण कुणी मिटवायचं, हेही जुबैलातच ठरायचं. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, दुसरं काय.

ते एक्क्याण्णव साल होतं. कुवेतवरून लढाई पेटली होती. डोक्यावरून रात्रंदिवस विमानं जात आणि सायरन वाजला की जीव मुठीत धरून पळावं लागे. विषारी वायूचे मास्क कंपनीने साहेबलोकांना वाटले. कामगारांच्या वाट्याला चिकटपट्टीची गुंडाळी आणि फुकटचा सल्ला आला: खोलीत शिरा, फटींना पट्टी लावा, दाराखाली ओला टॉवेल सारा.

अशा दिवसांत या माणसांना काळजी कसली पडावी? विधानसभेची. तालुक्याचा आमदार वारला होता आणि पोटनिवडणूक लागली होती. जेवण आटोपल्यावर हुसेनमियाँने हात पुसले आणि तिथेच, थाळ्यांच्या खरकट्यासमोर, बैठक बसवली. उभे राहिलेल्या भाऊसाहेबांचा माणूस गावात येऊन गेला होता. गावाने एकगठ्ठा मत द्यावं, भाऊसाहेब खाडीपर्यंत डांबरी रस्ता देतील. तो रस्ता हुसेनमियाँच्या नव्या बंगल्याच्या दारावरून जाणार होता, हे त्याने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

"बायकांचं काय?" कुणीतरी म्हणालं. "पुरुष सगळे इथं. गावात मतं हायत ती बायकांचीच."

"बायकांना काय कळतं त्यात," हुसेनमियाँ म्हणाला. "त्यांनी जायचं, बोटाला शाई लावून घ्यायची नि मतपत्रिका दुकानदार जमालुद्दीनच्या हातात द्यायची. शिक्के तो मारील. उगाच घोळ नको. कबूल?"

सगळे हात वर गेले. उमैरचाही गेला, हातात भांडी घासायचा काथ्या होता तसाच. आपण आपल्या बायकोचं मत दुसऱ्या पुरुषाच्या हवाली करतोय, हे त्याच्या मनातही आलं नाही. आलं असतं तरी हात खाली आला असता की नाही, देव जाणे. आपल्याकडची बरीच पापं ही अशीच, जेवण झाल्यावर, सुस्तावून होतात.

मतदान झालं आणि लगेचच्या शुक्रवारी गावाहून बातमी आली. गावात फोन एकच, जमालुद्दीनच्या किराणा दुकानात. जुबैलहून कुणी फोन केला की जमालुद्दीन घरच्यांना बोलावणं धाडायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा फोन लावला की बोलणं व्हायचं. त्या शुक्रवारी हुसेनमियाँ टेलिफोनच्या केबिनमधून बाहेर आला तो तोंड वाकडं करूनच.

घडलं होतं ते एवढंच. शाळेत मतदान चाललं होतं. बायका ओळीने येत होत्या, नखाला शाई लावून घेत होत्या आणि मतपत्रिका जमालुद्दीनच्या हातात ठेवून घरी जात होत्या. सरकारी साहेब खिडकीबाहेर बघत चहा पीत होते. जुबेदाची पाळी आली. तिने मतपत्रिका घेतली आणि ती सरळ आडोशाकडे चालू लागली.

"जुबेदा, इकडं दे," जमालुद्दीन म्हणाला.

"शाई माझ्या बोटाला आणि शिक्का तुझ्या हातानं, असं कसं?" ती म्हणाली. आडोशाला गेली, शिक्का मारला, घडी घातली, पेटीत टाकली आणि घरी जाऊन भाकऱ्या थापायला बसली.

बस्स. इतकाच गुन्हा. तिने मत कुणाला दिलं हे कुणालाच ठाऊक नाही. भाऊसाहेबांनाच दिलं असेल, कुणी सांगावं. पण जमातीला राग मताचा नव्हताच, राग होता तो आडोशाला जाण्याचा. संध्याकाळपर्यंत ते घर वाळीत पडलं. विहिरीवर तिची घागर कुणी पुढे सरकू देईना, गिरणीवाला दळण घेईना, अरवाला मदरशातून घरी पाठवलं. आणि हे सगळं करण्यात पुढे होते ते पाच वेळा वजू करणारे हात.

यावर नाक मुरडून "त्यांच्यात असंच असतं" म्हणणारांसाठी सांगतो. वाळीत टाकणं ही काही एका धर्माची मक्तेदारी नाही. खाडीच्या या काठाला जमात टाकते, त्या काठाला गावकी टाकते. देवळाचा उंबरा आणि मशिदीची पायरी यांच्यात इतकी एकी दुसऱ्या कशात मला दिसलेली नाही.

आता गाव सौदीपासून कुठल्या कुठे. पण वाळीत टाकणं विमानाच्याही आधी पोचतं. त्याच संध्याकाळी उमैर थाळ्याकडे बसायला आला तर सगळ्यांनी हात आवरले. हुसेनमियाँ कुणाकडेच न बघता म्हणाला, "जो त्याच्याशी बोलेल, तो त्याच्याबरोबर."

उसामाने मान खाली घातली. उमैर दाराबाहेर जाऊन बसला. दुसऱ्या दिवसापासून तो बेकरीतून खुबूसच्या रोट्या आणून दह्याबरोबर खायचा. खाण्याचं त्याला फारसं नव्हतं. त्याला घोर होता तो जुबेदाचा. गावात रेडिओ सांगत होता की सौदीवर क्षेपणास्त्रं पडतायत, आणि नवरा जिवंत आहे की नाही हे त्या बाईला कळायचा एकमेव मार्ग जमालुद्दीनच्या दुकानात होता.

त्याने फोन लावला.

"जमालुद्दीन, जुबेदाला बोलाव."

"त्या घरात कुणी जात नाय," जमालुद्दीन म्हणाला आणि फोन ठेवला.

पुन्हा लावला, पुन्हा ठेवला. तार केली, तर गावचं टपाल उतरायचं तेही त्याच दुकानात. मग उमैर हरिहर साहेबांकडे गेला. हरिहर नाशिकचे इंजिनिअर, मोठे वाचणारे. आठवड्याने शिळं झालेलं मराठी वर्तमानपत्र मागवून घ्यायचे आणि लोकशाहीवर तासन्‌तास बोलायचे. त्यांच्या ऑफिसात फोन होता.

"साहेब, तालुक्याच्या पोस्टमास्तरांना एक फोन करा. तुमचं ते ऐकतील. माझ्या बायकोला एवढंच सांगायचं, मी जिता हाय."

हरिहरांनी चष्मा काढला. "उमैर, फार वाईट झालं बघ. पण हा तुमच्या समाजाचा आतला मामला. मी मध्ये पडलो तर उद्या म्हणतील, हा कोण नाक खुपसणारा. शिवाय हुसेनमियाँशी माझं रोजचं काम पडतं."

"समाजाचा न्हाय साहेब. माझ्या बायकोचा हाय."

"समजतं रे मला," हरिहर म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुन्हा लावला. समजणाऱ्या माणसांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती. हुसेनमियाँची चीड येते, पण त्याच्याबद्दल निदान काही बोलता तरी येतं. हरिहरांची मला शिसारी येते.

त्यानंतरच्या एका संध्याकाळची गोष्ट. कंपनीची बस कॅम्पाच्या फाटकाशी थांबली आणि सायरन सुरू झाला. माणसं वाट फुटेल तिकडे धावली. उमैर आपल्या खोलीशी पोचला तोवर दार लागलं होतं. आतून चिकटपट्टी ओढल्याचा चर्रर आवाज येत होता.

"उमैर हाय. दार उघडा."

आतले आवाज बंद झाले. पट्टी ओढणं मात्र चालू राहिलं.

"उसामा, मी बाहेर हाय रे."

आत उसामा उठला. कडीपर्यंत त्याचा हात गेला. "बस खाली," हुसेनमियाँ म्हणाला, "त्याच्याशी बोललास तर तुझी अफशाँ पण उद्या विहिरीवरनं रिकामी घागर घेऊन येईल." उसामाच्या डोळ्यांपुढे अफशाँ आली, गावाला असलेली त्याची पोटुशी बायको. तो खाली बसला. दाराखालची फट बुजवायला ओला टॉवेल त्यानेच सारला.

सांगताना लाज वाटते. विषारी वायू येणार अशी खरीखुरी भीती पोटात असताना, हे लोक आपल्या ताटातल्या, आपल्या गावातल्या माणसाला दाराबाहेर ठेवून आत कलमा पढत होते. ज्या देवाचं नाव घेत होते त्याने त्या वेळी कान झाकून घेतले असतील.

उमैर सार्वजनिक न्हाणीघरात गेला, डोक्यावरचं फडकं भिजवून नाकाशी धरलं आणि भिंतीला टेकून बसून राहिला. त्या वेळी काही पडलं नाही. मोकळं झाल्याचा भोंगा वाजला, दार उघडलं, माणसं बाहेर आली. तो परत येताना दिसला तेव्हा एकजण चप्पल शोधू लागला, एकजण आभाळाकडे बघू लागला. उसामा खोलीतून बाहेरच आला नाही.

हुसेनमियाँ मात्र आला. बऱ्याच दिवसांनी तो उमैरशी बोलला, आणि मोठ्या मायेने बोलला.

"पोरा, आम्ही काय तुझे दुश्मन हाव? येत्या जुम्याला नमाजानंतर जुबेदाला दुकानात बोलावून ठेवतो. जमात तिथं असेल, आम्ही इथं. तू फक्त तिला विचार, शिक्का कुणावर मारलास. तिनं सगळ्यांसमोर सांगायचं आणि चुकलं म्हणायचं. खलास. तुझं जेवण आमच्यात, तिचं पाणी विहिरीवर."

उमैरने मान डोलावली. डोलावणारच. अरवा तहानलेली असेल, हेच त्याच्या डोक्यात होतं.

शुक्रवारी टेलिफोनच्या केबिनीपाशी खोलीतले सगळे जमले. उमैर आत, हुसेनमियाँ केबिनचं दार पाठीने उघडं धरून. फोन लागला. तिकडे माणसांची कुजबुज ऐकू येत होती. मग जुबेदाचा आवाज आला.

"जिता हायस?"

"हाय."

ती म्हणाली, "रेडिओवर रोज ऐकते. कुणी सांगायला नव्हतं."

"अरवा?"

"बरी हाय. पाणी मी पलीकडच्या पऱ्यावरनं आणते. तू जेवतोस ना?"

"जेवतो."

हुसेनमियाँने त्याच्या खांद्याला बोट टोचलं. "विचार."

जुबेदाने ते ऐकलं असावं. "तुला काय विचारायला सांगितलंय ते मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "इथं सगळे कान देऊन बसलेत. तू विचारलंस तर मी काय करू? तू नवरा हायस. पण मत आपलं आपण द्यायचं आणि कुणाला सांगायचं नाय, असं मास्तरांनी शिकवलं व्हतं. मला तेवढंच येतं."

उमैरने केबिनच्या काचेतून बाहेर पाहिलं. बाहेर तीच माणसं होती, ज्यांनी त्याच्या अंगावर दार लावलं होतं. याच माणसांच्या थाळ्यात परत हात घालता यावा, एवढ्यासाठी तो बायकोला चव्हाट्यावर उभी करणार होता. त्याला स्वतःची किळस आली. किळस येणं चांगलं असतं, माणूस त्यातून कधीकधी सुधारतो.

"जुबेदा," तो म्हणाला, "नाय विचारत. मी त्या दिवशी हात वर केला व्हता. तुझं मत दुसऱ्याला द्यायला. चुकलं ते माझं. तू कुणाची माफी मागू नको."

तिकडे गलका झाला आणि फोन तुटला.

हुसेनमियाँ केबिनच्या दारात लालबुंद होऊन उभा राहिला. "कफीलला सांगून परत धाडीन तुला. इकामा विसर."

"धाडा," उमैर म्हणाला. "घरीच जाईन. विहिरीवर दोघं मिळून जाऊ." आणि तो रस्त्याकडेला जाऊन उभा राहिला.

भाऊसाहेब निवडून आले होते, हे निराळं सांगायला नको. जमालुद्दीनने मारलेल्या शिक्क्यांनी आले की लोकांच्या मतांनी, हे कोण विचारणार. रस्ताही होणार होता. उमैर-जुबेदाचं घर अजून वाळीतच होतं.

पण त्या शुक्रवारी एक झालं. रांगेत पुढचा नंबर उसामाचा होता. अफशाँला आधीच निरोप गेला होता, ती दुकानात थांबली होती. तो केबिनमध्ये गेला. नेहमी तो विचारायचा, पैसे पोचले का, डॉक्टरीणबाई काय म्हणाली. आज त्यातलं काहीच विचारलं नाही.

"अफशाँ, तुझ्या मताचा शिक्का कुणी मारला?"

"जमालुद्दीननं," ती बिचकून म्हणाली. "तुम्हीच तसं ठरवलं व्हतं ना?"

"तुला कुणाला द्यायचं व्हतं?"

हुसेनमियाँ काचेवर थापा मारत होता. उसामाने हात मागे नेऊन केबिनचं दार ओढून घेतलं. तिकडे दुकानात जमालुद्दीन समोरच उभा असणार. अफशाँ अगदी हळू बोलली.

"मी कधी इचारच केला नाय तेचा. आजवर कुणी इचारलंच नव्हतं."

आपल्या घरात तरी कुणी विचारलंय?