हद्दीचा दगड विहिरीवर

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. पण वाटेत पडलेला, कुणीही ठोकर मारावी असा नव्हे. मी हद्दीचा दगड आहे. पारसिकच्या डोंगरातला काळा कातळ फोडून पाथरवटाने मला घडवले, माथ्यावर बाणाची खूण कोरली आणि मोजणीच्या लोकांनी मला तळवली गावात, गोटीरामच्या जमिनीच्या कडेला आणून उभे केले. पुरण्याआधी त्यांनी खड्ड्यात टोपलीभर कोळसा ओतला. मला तर रागच आला. मी काय चूल आहे? त्या कोळशाची किंमत मला फार उशिरा कळली.

माझ्या एका बाजूला गोटीरामची भातखाचरे, दुसऱ्या बाजूला सरकारी माळ. म्हशी पाठ घासायला यायच्या, पोरे माझ्यावर चढून उड्या मारायची. बांधावरून भांडण पेटले की माणसे तावातावाने येत, मला बघत आणि खाली मान घालून परत जात. गोटीराम दरवर्षी बांध नीट करताना माझ्या माथ्यावर हात ठेवून म्हणायचा, "ह्यो हाय तवर आपल्याला भ्या नाय." असे कौतुक ऐकले की दगड असूनही मला बरे वाटायचे.

मग सत्तरचे दशक उजाडले. खाडीच्या या बाजूला नवे शहर होणार, जमिनी जाणार, अशी बातमी आली आणि गाव पेटून उठले. गोटीरामचा मुलगा पंढरी तापट. "दगडच नसले तर मोजतील काय? कपाळ?" असे म्हणत त्याने पहार आणली. म्हाताऱ्याने पुष्कळ अडवले. पण पंढरीने मला मुळासकट उपटले आणि बैलगाडीत घालून घरी आणून टाकले.

मोजायचे ते लोक मोजून गेलेच. बहुतेक शेती गेली. गावाला लागून विहिरीचा एक पट्टा तेवढा गोटीरामच्या नावावर राहिला. पलीकडच्या माळावर रंगाचा कारखाना आला आणि त्याने भोवती तारेचे कुंपण घातले. ते कुंपण माझ्या जागेवर आले, की तिच्याही अलीकडे, हे सांगायला मी तिथे नव्हतो.

मी होतो विहिरीवर. पंढरीची बायको पुतळा, मोठी खमकी बाई. अंगणात मी लोळत पडलेला तिला बघवेना. तिने मला ढकलत विहिरीपाशी नेले, बाणाची बाजू खाली केली आणि मी धुण्याचा दगड झालो. मित्रांनो, ज्याने भल्याभल्यांची भांडणे मिटवली, त्याच्यावर आता लुगडी आपटू लागली! पण खोटे कशाला बोलू, बायकांच्या गप्पांची मला गोडी लागली.

पाणी बिघडले ते सगळ्यांत आधी मलाच समजले. अंगावर जांभळट डाग धरू लागले. पुढे भात पिवळा पडू लागला, आणि पुतळाच्या धाकट्या लेकीच्या अंगावर चट्टे उठले. कारखान्याने कुंपणाच्या आत, उंचावर एक खड्डा खणून त्यात रंगाचा गाळ सोडला होता. पुतळा तिथे भांडायला गेली, तर उत्तर मिळाले की घाण खाडीची आहे.

तिने सरकारी कचेऱ्यांचा धरणे धरल्यासारखा पिच्छा पुरवला, तेव्हा पाणी तपासणाऱ्या खात्यातून वैजयंती नावाची तरुण बाई आली. ती म्हणाली, "पुतळाताई, नुसतं विहिरीचं पाणी तपासून चालणार नाही. खड्डा आणि विहीर यांच्या मधोमध बोअर मारून खालची माती काढावी लागेल. मग घाण कुठून येते ते कळेल. पण जागेच्या मालकाची लेखी संमती नसेल तर मशीन उभं करता येणार नाही."

ती मधली जागा नेमकी तारेच्या आत होती. कारखान्याचा मॅनेजर श्यामसुंदर हसून म्हणाला, "तारेच्या आतली जागा कंपनीची. मशीन इथं लागणार नाय. उगाच टेन्शन घेऊ नका."

"जागा कुनाची ते मोजून घेऊ," पुतळा म्हणाली. "माजी लेक खाजवून खाजवून रगत काडते. मी काय गप बसनार नाय."

पंचायतीची ना-हरकत आणि मोजणीचा हुकूम मिळवायला तिने ठाण्याच्या कचेरीत खेपा घालून चपला झिजवल्या. साहेब जेवायला गेले की पायरीवर बसायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

शेवटी मोजणीदार नंदकिशोर आला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "इथला हद्दीचा दगड कुठं आहे?"

पंढरी पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. पुतळाने माझ्यावरचे धुणे उचलले आणि मला उलथून बाण दाखवला. "ह्यो बगा. आमच्याच मानसाचा पराक्रम."

"जाग्यावरून हललेला दगड काही कामाचा नाही, बाई."

मित्रांनो, त्या वेळी मला जे वाटले ते कुणाला वाटू नये. मला सगळे ठाऊक होते, पण दगडाला तोंड कुठले?

नाल्याकाठी आणि चिंचेखाली माझे दोन भाऊ अजून जागेवर होते. त्यांच्यापासून मोजत नंदकिशोरने खुंटी ठोकली. ती तारेच्या बरीच आत गेली. श्यामसुंदर भडकला. "तुमच्या फितीचा काय भरवसा? दगड तर यांनीच उपटला!"

"मग खणून बघू," नंदकिशोर शांतपणे म्हणाला. "जुने लोक दगडाखाली कोळसा पुरायचे. दगड हलतो, कोळसा कुजत नाही."

पंढरीने तीच पहार घेतली. माती निघाली, मुरूम निघाला. श्यामसुंदर हाताची घडी घालून बघत होता. आणि मग पहारीच्या टोकाला काळा चुरा लागला. पंढरीने तो ओंजळीत घेतला आणि सगळ्यांदेखत रडला. "आबा, माजं चुकलं," एवढेच तो म्हाताऱ्याला म्हणाला.

मधली जागा गोटीरामचीच ठरली. त्याने संमतीवर अंगठा उठवला, खात्याची परवानगी आली आणि मशीन घरघरू लागले. आधी तांबडी माती वर आली, मग चिकट माती, आणि मग खड्ड्यातल्यासारखाच जांभळा, उग्र वासाचा चिखल. वैजयंतीने तो बरण्यांत भरला. पुढे कारखान्याला खड्डा बंद करावा लागला आणि गावाला नळ मिळाला. लेकीचे चट्टे हळूहळू गेले. विहीर मात्र परत गोड झाली नाही. तिच्यावर आता झाकण आहे, आणि त्याचे मला अजून वाईट वाटते.

मला पुन्हा कोळशावर उभे केले तेव्हा पुतळा हंडाभर नळाचे पाणी घेऊन आली. तिने मला घासून धुतले. जांभळे डाग काही निघाले नाहीत.

म्हणून मित्रांनो, माझे एवढे ऐका. राग आला तर ओरडा, भांडा, कचेरीच्या पायरीवर बसा. पण आपल्या बाजूने उभा राहणारा साक्षीदार आपल्याच हाताने उपटू नका. माझ्या भोवतीची माती दाबताना पुतळाही मला म्हणाली होती, "आता हितंच ऱ्हा, बाबा. धुन्याला मी दुसरा दगड बगते."